स्प्रेचा डबा हलवण्याआधी

आमच्या घरातलं पहिलं स्प्रे-पेंटिंग गणपतीच्या आदल्या रात्री झालं आणि पाच मिनिटांत आटोपलं. थर्माकोलचं मखर होतं. ते सोनेरी करावं म्हणून मी मोठ्या हौसेने डबा हलवला आणि बटण दाबलं. मखराचे खांब डोळ्यांदेखत खचायला लागले, गरम पोळीवरचं लोणी खचतं तसे. फवाऱ्यात रंगाबरोबर थिनरही असतं आणि ते थर्माकोलला खातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी बाप्पा सासूबाईंच्या जुन्या शालूच्या पडद्यापुढे बसले. आलेले सगळे म्हणाले, यंदाची आरास साधी पण छान आहे.

त्याला सहा वर्षं झाली. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात भाड्याने राहतो. घरमालकांना भिंतीत खिळा ठोकलेला चालत नाही, तिथे भिंतीला रंग कुठला! म्हणून बदलायच्या त्या वस्तू. आतापर्यंत दोन आरशांच्या चौकटी, तीन लोखंडी स्टुलं, शिलाई मशीनचा पाया, पडद्यांच्या दांड्या, कुंड्या आणि सासऱ्यांची पत्र्याची ट्रंक एवढं माझ्या हातून रंगून झालंय. त्यातलं निम्मं दोनदा रंगवावं लागलं. तुम्हाला एकदाच रंगवावं लागावं म्हणून हे लिहितेय.

१. काय रंगवायचं नाही, ते आधी ठरवा

हातात डबा आला की घरातली प्रत्येक वस्तू रंगवण्यालायक दिसायला लागते. मी एकदा काळी पडलेली समई सोनेरी करायला गच्चीवर नेली होती. सासूबाई जिन्यात भेटल्या. "अगं, ती सोन्यासारखीच आहे, चिंच लावून घास," एवढंच म्हणाल्या. पितळ, तांबं, शिसवी किंवा सागवानी लाकूड, जुनं ओतीव काम यांना हात लावू नका. त्यांना रंग नको असतो, सफाई हवी असते.

बाकी ज्यांच्या वाटेला जायचं नाही ते असे. थर्माकोलचं सांगितलंच. ज्या भांड्यात अन्न किंवा पाणी राहतं त्याची आतली बाजू आणि कड रंगवायची नाही. फळांची टोपली शोभेची असेल तरच. दिवाळीच्या पणत्या रंगवायच्या तर ज्यात वात जळणार नाही अशाच. विजेचे स्विच आणि सॉकेट तर अजिबात नाही. पंख्याची पाती मी एकदा रंगवली. एका पात्यावर रंग जाड बसला आणि पंखा डुलायला लागला, तेव्हा तेही नको.

सनमायकाच्या कपाटाबद्दल सगळे विचारतात. खास अस्तर (प्रायमर) लावून ते होतं, पण रोज उघडझाप होणाऱ्या दाराच्या कडेला वर्षभरात पोपडे येतात. शिवाय एवढ्या मोठ्या सपाट वस्तूला स्प्रे परवडतही नाही. एका डब्यात साधारण ४०० मिली माल असतो आणि दोन हात द्यायचे धरले तर त्यात जेमतेम १० ते १२ चौरस फूट होतात. कपाट, दरवाजा, पलंग यांना अर्धा लिटर ऑइल पेंट आणि ब्रश स्वस्त पडतो. स्प्रेची खरी कमाल तिथे, जिथे ब्रश शिरत नाही. वेताची खुर्ची, जाळीचा स्टँड, नक्षीची चौकट, मशीनच्या पायाची वेलबुट्टी ही कामं ब्रशने करायला बसलात तर दिवस जाईल आणि कोपऱ्याकोपऱ्यात रंग साचेल.

मी नवख्या माणसाला पहिली वस्तू म्हणून लोखंडी स्टूल सुचवते. घरात नसेल तर अटालेवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, मिळतं. बिघडलं तरी जीव हळहळत नाही.

२. सामान

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत सगळं एका फेरीत होतं. तिथे "पॉलिश पेपर" म्हणालात तर मिळेलही, पण "रेगमाल" म्हणा, लगेच मिळेल. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किस पे मारना है?" त्याला धातू, लाकूड की प्लास्टिक हे नक्की सांगा, कारण अस्तर त्यावरूनच ठरतं.

- रंगाचा स्प्रे. साध्या रंगाचा डबा मला २०० ते ३०० रुपयांत मिळत आलाय, सोनेरी-चंदेरी थोडा महाग
- अस्तर, म्हणजे प्रायमरचा स्प्रे. लोखंडाला रेड ऑक्साइड, पण वर पांढरा किंवा पिवळा यायचा असेल तर राखाडी घ्या, नाहीतर खालचा तांबडा झाकता झाकता दोन डबे संपतात
- रेगमाल १२०, २२० आणि ४०० नंबरचा. ४०० चा पाण्यात चालणारा, म्हणजे वॉटर पेपर
- तारेचा ब्रश, गंज असेल तर
- मास्किंग टेप आणि वर्तमानपत्रांची रद्दी
- भांडी घासायचा साबण, सुती फडकी
- हातमोजे, चष्मा आणि मास्क

मास्कवर जरा थांबते. कोविडच्या काळातला घरात पडलेला एन-९५ रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. वाफेसाठी कार्बनच्या डबीचा मास्क लागतो. तो रंगाच्या डब्याहून महाग असतो, पण मास्क एकदाच घ्यावा लागतो, नंतर फक्त डब्या बदलायच्या. वर्षातून एखादं स्टूल उघड्या गच्चीवर रंगवणार असाल तर वाऱ्याकडे पाठ करून एन-९५ वर भागवता येईल. वरचेवर करणार असाल तर मात्र तो मास्क घ्याच. घरात कुणी गरोदर असेल, तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, पिंजऱ्यात पोपट असेल, तर त्यांना या कामापासून लांब ठेवा.

३. दिवस आणि जागा

खोलीत दारं-खिडक्या उघडून करू, असं मनात आलं तर ते काढून टाका. डब्यातून रंग बाहेर ढकलणारा वायू बहुतेक वेळा शेगडीच्या सिलिंडरमध्ये असतो त्याच जातीचा, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. देवघरात निरांजन तेवतंय आणि शेजारच्या खोलीत तुम्ही फवारताय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. गच्ची किंवा मोकळं अंगण, एवढंच.

इंदूरची हवा नोव्हेंबरपासून मार्चच्या मध्यापर्यंत या कामाला गुणी असते. सकाळी अकरा ते दुपारी तीन ही वेळ धरा. माळव्यातली संध्याकाळ कितीही सुखाची असली तरी रंगाला ती मानवत नाही. थंडीत सूर्य कलला की हवेत ओल उतरते आणि ओल्या रंगावर पांढुरकी साय धरते. पावसाळ्यात हेच दिवसभर. मे महिन्यात उलटी तऱ्हा. पारा चाळिशीपार असताना रंगाचे थेंब वस्तूपर्यंत पोचायच्या आतच सुकतात आणि पृष्ठभाग रेगमालासारखा खरखरीत होतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तर मुळीच मारू नका. वस्तू सावलीत हवी.

आणि वारा. एका एप्रिलात मी गच्चीच्या या टोकाला कुंड्या निळ्या करत होते, त्या टोकाला शेजारच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. मध्ये वीस पावलं तरी असतील. रंगाची धूळ वाऱ्यावर किती लांब जाते ते त्या दिवशी कळलं. दोन ताटं कुरडया टाकून द्याव्या लागल्या. काकू काही बोलल्या नाहीत. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे कुरडया मात्र आल्या नाहीत. तेव्हापासून मी फ्रिजचं मोठं खोकं आडवं करून ठेवते. तिन्ही बाजूंनी आडोसा होतो आणि फरशीही वाचते. खाली कुणाची स्कूटर उभी आहे का तेही बघून घ्या.

छोट्या वस्तूंसाठी आणखी एक सोय. जुना पोळपाट उपड्या वाडग्यावर ठेवा आणि वस्तू त्याच्यावर. आपण वस्तूभोवती फिरण्याऐवजी पोळपाट फिरतो.

४. धुणं आणि घासणं

एकूण वेळेतला निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो, जावा. माझ्या ज्या वस्तू दोनदा रंगवाव्या लागल्या, त्या सगळ्या इथेच फसल्या होत्या.

आधी साबणाने धुवा. स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर फोडणीचा एक अदृश्य थर असतो, त्यावर रंग बसतच नाही. फर्निचर पॉलिश चोळलेलं असेल तर रंग लागल्या लागल्या जागोजागी गोल डोळे पडतात, मधे उघडं आणि भोवती कडं. साबण निघून जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवा आणि वस्तू पूर्ण वाळू द्या. वेत, लाकूड आणि मातीच्या कुंड्यांना एक अख्खा दिवस द्या, कारण त्या आतून ओल्या राहतात.

मग गंज. तारेच्या ब्रशने सुटणारं सगळं काढा, त्यावर १२० चा रेगमाल. पापुद्रे सुटलेल्या गंजावर रंग मारला तर रंग त्या पापुद्र्यासकट निघतो. यानंतर सगळ्या वस्तूवर २२० नंबर फिरवा. जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडून काढायची गरज नाही, त्याची चकाकी मारायची आहे. हात फिरवला की खडूसारखं मऊ-निस्तेज लागलं पाहिजे. खड्डे असतील तर लांबी (पुट्टी) भरा, वाळली की घासून सपाट करा.

इथे एक धोका आहे. घरगुती रंगांत शिसं किती असावं याचा आपल्याकडचा नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला: दर दहा लाख भागांत ९० भाग, त्यापेक्षा जास्त नको. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या ट्रंकेच्या, पाळण्याच्या किंवा खिडकीच्या रंगात शिसं असू शकतं. अशी वस्तू कोरडी घासायची नाही. पाणी मारत वॉटर पेपरने घासा, चिखल फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्या, मुलं आसपास नकोत आणि हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका. वस्तू फार जुनी असेल आणि रंगाचे पोपडे सुटत असतील, तर मी ती रंगवायच्या भानगडीत पडत नाही.

शेवटी ओलसर फडक्याने धूळ पुसा. नंतर ती वस्तू बोटांनी हाताळू नका, हातांनाही तेल असतं.

५. झाकणं

सासऱ्यांची ट्रंक त्यांच्या नोकरीतल्या प्रत्येक बदलीबरोबर फिरलेली. झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटने त्यांचं नाव आणि खाली "इंदौर", हिंदीतलं. ट्रंक मला हिरवट राखाडी करून दिवाणखान्यात टेबल म्हणून ठेवायची होती. नाव पुसलं जाणार म्हणून घरात दोन दिवस शांतता होती. शेवटी मी नावाभोवतीचा एक आयत मास्किंग टेपने आणि कागदाने झाकला आणि बाकीची ट्रंक रंगवली. आता जुन्या काळ्या चौकोनात ते नाव तसंच आहे आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे बघतो.

टेप लावताना कडेवर नख फिरवून घट्ट बसवा, नाहीतर रंग खाली शिरतो. साधा सेलोटेप वापरू नका, त्याचा चिकटा मागे राहतो. टेप काढायची वेळ शेवटचा हात ओलसर असताना. पूर्ण वाळल्यावर काढलात तर रंगाची कड फाटून येते. बिजागऱ्या, कुलपाची कडी, आरशाची काच हे सगळं आधी झाका. काच झाकताना कागद चौकटीच्या खाचेत सरकवायला जुनं व्हिजिटिंग कार्ड उपयोगी पडतं.

६. अस्तर

पातळ दोन हात, मध्ये डब्यावर लिहिली असेल तेवढी उसंत. वाळल्यावर ४०० नंबरने हलकेच फिरवा, पुसा. लोखंडाला आणि प्लास्टिकला अस्तर चुकवू नका. मी एकदा प्लास्टिकच्या खुर्चीला अस्तराशिवाय काळा रंग दिला होता. नणंदेचे यजमान अर्धा तास बसले आणि उठले तेव्हा खुर्चीवरचा काळेपणा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर होता.

जुन्या ऑइल पेंटवर स्प्रे मारायचा असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी चार बोटं रुंद पट्टा मारून एक दिवस थांबा. कधी कधी नव्या रंगातलं थिनर खालच्या थराला उकलतं आणि उकळलेल्या दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या येतात. पट्टा नीट राहिला तरच पुढे जा.

७. रंगाचे हात

डबा हलवला की आत गोळी खडखडते. गोळी सुटल्यावरही पूर्ण एक-दोन मिनिटं हलवत राहा, मध्येमध्येही हलवा. रंग तळाशी बसलेला असतो, घाई केली तर आधी नुसतं पाणचट येतं आणि शेवटी राड.

अंतर एक वीत, किंवा वितीहून थोडं जास्त. जवळून मारलं तर ओघळ, लांबून मारलं तर खरखर.

बटण वस्तूच्या बाहेर दाबायचं, हात सरळ रेषेत वस्तूवरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावर सोडायचं. वस्तूवरच दाबलं-सोडलं तर त्या जागी ठिपका साचतो. हात मनगटातून पंख्यासारखा फिरवू नका, खांद्यापासून हलवा, म्हणजे अंतर कायम राहतं. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा यावा.

पहिला हात मारून झाल्यावर तुम्हाला वाटेल की फसलो. खालचं दिसत असतं, ठिपके ठिपके असतात. ते तसंच असायला हवं. पहिला हात नुसता धुक्यासारखा, दुसऱ्याने रंग भरतो, तिसऱ्याने अंगात येतो. "आता आलोच आहोत तर थोडं दाट मारू" या मोहाने माझ्या पहिल्या आरशाच्या चौकटीवर सात ओघळ आले होते.

दोन हातांमधला वेळ डब्यावर असतो आणि तो वाचलाच पाहिजे. पुष्कळ डब्यांवर दोन वेळा दिलेल्या असतात: अमुक वेळेच्या आत पुढचा हात द्या, नाहीतर एक-दोन दिवस थांबा. मधल्या काळात अर्धवट वाळलेल्या थरावर मारलं तर सुरकुत्या येतात. मी हे न वाचता जेवून येऊन तिसरा हात दिला आहे, म्हणून सांगते.

रंग कोणता, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मत विचाराल तर मॅट घ्या, चकचकीत रंगात प्रत्येक खड्डा ओरडून दिसतो. सोनेरी जपून वापरा. एका खोलीत एक सोनेरी वस्तू उठून दिसते, चार झाल्या की मंगल कार्यालय. तसं बघता या डब्याचा जन्मच धातूच्या रंगातला. १९४९ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या सिकॅमोर गावी एडवर्ड सेमूर यांना घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरांसाठीचा आपला अ‍ॅल्युमिनियम रंग दाखवायचा होता. तो डब्यात भरून फवारावा ही कल्पना त्यांच्या पत्नी बॉनी यांची. आरशासारखा चमकणारा क्रोम मात्र घेऊ नका. हाताने चोळला की तो मळतो आणि वर संरक्षणाला क्लिअर, म्हणजे बिनरंगी थर, मारला की काळवंडतो.

कुंड्यांसाठी वेगळी सूचना. मातीची कुंडी आतून पाणी पिते आणि ते पाणी बाहेरचा रंग फुगवतं. झाड प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती रंगवलेल्या कुंडीत बसवा.

८. थांबणं

पंधरा-वीस मिनिटांत रंग हाताला लागत नाही, म्हणून तो वाळला असं नाही. त्या दिवशी उचलू नका, दुसऱ्या दिवशी उचलली तरी वर काही ठेवू नका. पुरता कडक व्हायला आठवडा लागतो. ट्रंकेवर मी तिसऱ्या दिवशी फुलदाणी ठेवली, तिच्या बुडाचं गोल आजही तिथे आहे. आता त्यावर क्रोशाचा रुमाल असतो.

९. बिघडलं तर

ओघळ आला तर ओला असताना पुसू नका. दोन दिवस वाळू द्या, ४०० च्या वॉटर पेपरने सपाट करा, वर एक पातळ हात द्या. पांढुरकी साय आली तर कोरड्या दिवशी त्यावर पुन्हा पातळ हात मारला की बहुधा जाते. खरखर आली तर घासून पुन्हा. सुरकुत्या आल्या तर मात्र सगळं उतरवून पहिल्या पायरीवर या, त्याला दुसरा इलाज मला सापडलेला नाही.

१०. उरलेला डबा

काम संपलं की डबा उलटा धरून दोन-तीन सेकंद फवारा, नुसता वायू येईपर्यंत. नळी साफ राहते आणि पुढच्या वेळी नोझल तुंबत नाही. डबा गच्चीवर, गाडीत किंवा शेगडीजवळ ठेवू नका. ५० अंशांच्या वर तो फुटू शकतो, आणि मे महिन्यात इथे उन्हात उभी केलेली गाडी आतून तेवढी सहज तापते.

रिकामा डबा भोसकू नका, जाळू नका आणि सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०१७ पासून स्वच्छतेत पहिल्या नंबराचा मान मिरवणाऱ्या शहरात राहतो आपण. कचऱ्याच्या गाडीला ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे उगाच नाहीत. डबा घातकमध्ये जातो. मी पहिल्यांदा सुक्यात टाकायला गेले तेव्हा गाडीवरच्या मुलाने तो माझ्या हातातून घेतला, कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "दीदी, इसमें अभी माल है." खरंच होता. एका कुंडीला पुरला.